धुऱ्यावरची कळलावी : ठेवावी की उपटावी?

धुरेकरी | ४ सप्टेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आमचं वावर वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडे. परवा पोळ्याला बैल धुवायला नाल्यावर नेले, तेव्हा धुऱ्यावरच्या (म्हणजे शेताच्या बांधावरच्या) बोरीच्या झुडपात जाळ लागल्यासारखं दिसलं. जवळ गेलो तर फुलं! बुडाशी पिवळी, वर लालभडक, पाकळ्यांच्या कडा नागमोडी आणि सगळ्या पाकळ्या मागे वळून आभाळाकडे गेलेल्या. बैल सोडून दहा मिनिटं तिथंच उभा राहिलो.

मी १४ वर्षं पुण्यात नोकरीला होतो, दोन वर्षांपूर्वी परत शेतीत आलो. लहानपणी हे फूल पाहिल्याचं आठवत नाही. आई म्हणाली, "कळलावी आहे ती. घरात आणू नको, भांडणं लागतात." मोठ्या भावाचं म्हणणं वेगळंच. बकऱ्यांनी तोंड लावलं तर मरतील, म्हणून सोयाबीन निघालं की तो धुऱ्यावर तणनाशक मारणार आहे.

मला ती मारू द्यायची नाही. पण घरात ढोरं आहेत, भावाची दोन लहान पोरं आहेत, तेव्हा नुसतं फूल सुंदर आहे म्हणून हट्ट धरणंही बरं नाही. खरंच किती विषारी आहे? तिचा उपयोग काय? कंद काढून दुसरीकडे लावता येतो का, कधी आणि कसा? ज्यांनी प्रत्यक्ष लावली आहे त्यांनी जरूर लिहा.

पऱ्हाटी | ४ सप्टेंबर, रात्री १०.०५

धुऱ्यावरून भांडण लागायले कळलावी कायले पाहिजे भाऊ? आमच्या दोन घरांत दोन फूट धुऱ्यासाठी आजोबांपासून बोलणं बंद हाये, आन् त्या धुऱ्यावर गवताशिवाय काईच उगवत नाही.

धुरेकरी | ४ सप्टेंबर, रात्री १०.१२

पऱ्हाटी भाऊ, हे आईला वाचून दाखवलं. खूप हसली. पण "तरी आणू नको" म्हणाली.

सातपुड्याचा वारा | ५ सप्टेंबर, सकाळी ७.२०

वर्णनावरून कळलावीच आहे, तरी एक खूण तपासून पाहा. पानाचं टोक लांब होऊन घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं असतं. या वेलीला आधार धरायला वेगळे तंतू नसतात, पानाच्या टोकानेच ती बोरीला, बाभळीला धरून वर चढते. आपल्याकडे अशी दुसरी फुलवेल नाही. मात्र बुडाची, पहिल्या पावसात फुटलेली पानं साधीच असतात, त्यांना हे टोक नसतं. त्यामुळे जून-जुलैत रानभाजी खुडताना नजर तयार नसेल तर चूक होऊ शकते.

फूल एकाच रंगाचं राहत नाही, हेही बघण्यासारखं आहे. उमलताना हिरवट पिवळं, मग बुडाशी पिवळं आणि टोकाला लाल, शेवटी सगळं लाल होतं. एकाच वेलीवर तिन्ही रंग सापडतात. सहा पाकळ्या, सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे बाहेर पसरलेले, आणि स्त्रीकेसराची दांडी बुडाशीच काटकोनात बाजूला वळलेली. ती अशी बाजूला का वळते, तर फुलपाखरू किंवा शिंजीर पक्षी मधासाठी फुलाभोवती फिरतो तेव्हा त्याच्या अंगावरचा पराग बरोबर तिला लागतो. मी मेळघाटात वाटाड्याचं काम करतो. चिखलदऱ्याच्या वाटेवर ऑगस्ट-सप्टेंबरात गाडी थांबवून पर्यटकांना हे दाखवतो. वाघ नाही दिसला तरी माणसं खूश होऊन जातात.

आमची आजी 'कयलावी' म्हणायची. पोळ्याचा पोया, डोळ्याचा डोया, तशी कळलावीची कयलावी.

झाडीपट्टी | ५ सप्टेंबर, सकाळी ८.०२

गडचिरोलीकडे जंगलाच्या कडेला भरपूर आहे. बकऱ्या सहसा तोंड लावत नाहीत, पण बांधून ठेवलेल्या जनावराला कापलेल्या चाऱ्यातून गेली तर धोका आहे. आमच्या शेजाऱ्याची शेळी अशीच गेली, धुऱ्याचं गवत विळ्याने कापून आणलं होतं त्यात वेल होती. वेल उभी असताना जनावर निवड करतं, कुट्टी केल्यावर त्याला निवड राहत नाही. तुमच्या भावाला हे नक्की सांगा. त्याची काळजी खरी आहे, फक्त धोका कुठे आहे ते त्याला नीट माहीत पाहिजे.

काढा | ५ सप्टेंबर, सकाळी ११.३०

मी वैद्य आहे, वाशीम जिल्ह्यात चिकित्सा करतो. धुरेकरी, तुम्हाला ही पोळ्याच्या दिवशी दिसली याचा मला फार आनंद झाला. कारण सांगतो. संस्कृतात हिचं एक नाव लांगली, दुसरं हलिनी. लांगल म्हणजे नांगर, आपला 'नांगर' शब्दही त्यातूनच आला. हिचा कंद काढून पाहिला तर दोन बाहू कोनात जोडलेले दिसतात, अगदी नांगराच्या आकाराचे. वर आग आणि खाली नांगर, म्हणून अग्निशिखा हेही नाव.

आयुर्वेदात ती उपविषांत मोजली आहे. कंदाचे तुकडे गोमूत्रात भिजवून शोधन, म्हणजे शुद्धी, करायला सांगितलं आहे आणि त्यानंतरही मात्रा अत्यल्प. घरी कोणी करावं असं हे काम नाही, हे दहा वेळा लिहायला तयार आहे. माझ्याकडे दर पावसाळ्यात एखादा रुग्ण येतो, "युट्यूबवर पाहिलं, कळलावीचा कंद सांधेदुखीवर घेतात." घेऊ नका.

नावांचा घोळ तर फारच वाईट आहे. गावाकडे हिला खड्यानाग म्हणतात, कुठे कुठे बचनागही म्हणतात. खरा बचनाग हिमालयातला, त्याचा आणि हिचा काही संबंध नाही. दोन्ही जहाल, पण विष वेगळं, लक्षणं वेगळी. विषबाधा झालेल्या माणसाला दवाखान्यात नेताना नुसतं "बचनाग खाल्ला" सांगितलं तर डॉक्टर भलतीकडेच शोधत बसतील. म्हणून वेलीचा तुकडा, फूल, उरलेला कंद, जे असेल ते पिशवीत घालून सोबत न्यावं.

कळलावी या नावाबद्दलही सांगतो. भांडणाची कळ लावणारी हा अर्थ नंतर चिकटला असावा असं माझं मत आहे. मूळ कळ म्हणजे बाळंतपणाची कळ. जुन्या ग्रंथांत तिला गर्भपातिनी म्हटलं आहे ते याच कारणाने.

सिस्टर_निवृत्त | ५ सप्टेंबर, दुपारी ३.४५

काढा यांनी विषय काढला म्हणून लिहिते. ३१ वर्षं ग्रामीण भागात परिचारिका होते.

नोकरीच्या सुरुवातीला अडलेल्या बाईच्या बेंबीवर आणि तळपायाला हिचं मूळ उगाळून लावलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सुईण मायेनेच करायची, तिला दोष देत नाही. दवाखाना दूर, रस्ता नाही, हाताशी दुसरं काही नाही. पण काही ठिकाणी मूळ आत ठेवायचे प्रकारही व्हायचे आणि तो जिवावरचा खेळ होता. आता १०२, १०८ ला फोन लावला की गाडी येते. कोणाच्या घरात अजून असला सल्ला देणारं कोणी असेल तर हात जोडून सांगा, नको.

दुसरा अनुभव विषबाधेचा. कुंपणासाठी खड्डे खोदताना एका पोराला कंद सापडला. रताळ्यासारखा दिसला म्हणून भाजून खाल्ला. दुपारी खाल्ला, संध्याकाळपर्यंत काहीच नाही. रात्री ओकाऱ्या आणि जुलाब सुरू झाले, पाण्यासारखे, मग रक्त. आमच्याकडून मोठ्या दवाखान्यात पाठवला. नशीब की वाचला. पण बाराव्या-तेराव्या दिवशी त्याच्या डोक्याचे केस मुठीमुठीने हातात यायला लागले. त्याची आई टोपलीत गोळा करून दाखवायला घेऊन आली होती. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. केस पुढे परत आले.

या विषाला उतारा नाही. पहिले काही तास माणूस ठीक वाटतो, तिथेच घरचे फसतात. खाल्लं हे कळलं की त्रास सुरू व्हायची वाट पाहू नये, लगेच निघावं.

दगडपेरू | ५ सप्टेंबर, संध्याकाळी ६.१०

सिस्टरताईंचं वाचून तर माझं मत पक्कं झालं. काढून टाका. माझ्या घरी चार वर्षांची आणि दोन वर्षांची अशी दोन लेकरं आहेत. फूल किती सुंदर, परागीभवन किती छान, हे सगळं मान्य. पण पोराने शेंग फोडून लाल बी तोंडात टाकलं तर हे कौतुक काय कामाचं? जंगलात राहू दे तिला. वावरात आणि अंगणात नको.

अंगणवेल | ५ सप्टेंबर, रात्री ८.३०

दगडपेरू, तुमची भीती मी समजू शकते. घरात रांगती-चालती मुलं असतील तर लावू नये, हेच माझंही मत. मी अकोल्यात गच्चीवर सहा वर्षांपासून लावते, पण माझी मुलं कॉलेजात आहेत आणि घरी मांजर-कुत्रं नाही.

मात्र विष म्हणून काढायचं तर अंगणातली पिवळी कण्हेर, धोतरा आणि कुंपणाची एरंडीही काढावी लागेल. पिवळ्या कण्हेरीची फुलं आपण रोज महादेवाला वाहतो आणि तिच्या बिया हिच्याइतक्याच जिवावरच्या आहेत. आजी आम्हाला लहानपणीच दटावायची, "बी तोंडात घालायचं नाही," आणि आम्ही नाही घातलं. ओळख करून देणं हा एक मार्ग आहेच ना?

आता लागवड, कारण मूळ प्रश्न तोच होता. धुरेकरी, सध्या कंदाला अजिबात हात लावू नका. वेल फुलात आहे, आत्ता उपटली तर वेलही जाईल आणि कंदही. जमिनीखाली यंदाचा जुना कंद आटत असतो आणि त्याच्या जागी नवा, दोन बाहूंचा तयार होत असतो. फुलं संपतील, शेंगा वाळतील, दिवाळीच्या आसपास वेल पिवळी पडून वाळेल. तेव्हा बुडाशी एक काडी रोवून जागा लक्षात ठेवा, नाहीतर उन्हाळ्यात सापडत नाही. मी पहिल्या वर्षी खूण केली नव्हती, अर्धी कुंडी उपसावी लागली.

कंद मे महिन्याच्या शेवटी काढा. हातमोजे घाला, रस काहींच्या कातडीला चुरचुरतो. आणि फार जपून, कारण कंद खडूसारखा कटकन मोडतो. प्रत्येक बाहूच्या टोकाला एकच डोळा असतो, बटाट्यासारखे चार-पाच नसतात. तो टोकाचा कोंब तुटला की तो कंद संपला, कितीही जाड असला तरी. दोन बाहू जोडापाशी वेगळे केले तर दोन वेली मिळतात.

पहिला चांगला पाऊस झाला की कंद आडवा ठेवून वर दोन-तीन इंच माती टाका. दोन-तीन आठवड्यांत कोंब वर येतो. हा कोंब अगदी नाजूक, कोंबडीने टोचला तरी गेला. मग आधार. मी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वाळलेल्या काड्या रोवते. लोखंडी जाळीपेक्षा त्या बऱ्या, फांद्या फुटलेल्या असतात आणि पानाच्या टोकाला पकडायला बारीक काडीच लागते. जाड बांबूवर ती चढत नाही, घसरते. जूनमध्ये लावलेली माझ्याकडे ऑगस्टमध्ये फुलते.

माती सगळ्यात महत्त्वाची. नुसत्या काळ्या मातीत लावली तर कुजणार. मी तीन वर्षांचे कंद असेच घालवले, मग डोक्यात प्रकाश पडला.

सातपुड्याचा वारा | ५ सप्टेंबर, रात्री ९.०४

अंगणवेल ताई, मातीचं बोललात तो अगदी कळीचा मुद्दा. ती धुऱ्यावरच का सापडते याचं उत्तर त्यातच आहे. धुरा वावरापेक्षा उंच, त्यात मुरूम-दगड, पाणी थांबत नाही, आणि नांगर लागत नाही. वर बोरी-बाभळीचा आधार आणि दुपारची थोडी सावली. आपल्या काळ्या जमिनीच्या मुलखात कळलावीला राहण्याजोगी जागा म्हणजे धुरा, नाल्याचा काठ आणि जंगलाची कड. आता ट्रॅक्टर धुऱ्याला खेटून चालतो, दरवर्षी वीतभर धुरा कमी होतो, उरलेल्यावर तणनाशक. धुरेकरींना लहानपणी दिसली नाही म्हणता, पण मला वाटतं ती तेव्हाही असणार आणि कोणी लक्ष दिलं नसणार. आता उलट झालंय, लक्ष देणारे आहेत आणि वेल जातेय.

अंगणवेल | ५ सप्टेंबर, रात्री ९.२०

बरोबर. म्हणून मी आता एक भाग माती, एक भाग जाड रेती आणि एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत घेते, खाली विटांचे तुकडे. १४ इंची कुंडी. आणि वेल वाळल्यापासून पुढच्या पावसापर्यंत थेंबभर पाणी नाही. कुंडी पायऱ्यांखाली सरकवून ठेवते. सासूबाई दर उन्हाळ्यात "रिकामी कुंडी कशाला अडवून ठेवलीस" म्हणतात.

पऱ्हाटी | ५ सप्टेंबर, रात्री ९.३१

म्हंजे भांडण लावतेच तं!

मूळची कोकणातली | ६ सप्टेंबर, सकाळी १०.१५

हा धागा वाचून डोळे भरून आले. माझं माहेर रत्नागिरी जिल्ह्यातलं, लग्नानंतर २२ वर्षं यवतमाळ जिल्ह्यात. आमच्याकडे या फुलाला 'गौरीचे हात' म्हणतात. गौर म्हणजे तेरड्याची रोपं, आणि ही फुलं तिचे हात. वर वळलेल्या पाकळ्या पाहिल्या की खरोखर बोटं पसरल्यासारखी दिसतात. पोरीबाळी कड्याकपारीला जाऊन आणायच्या आणि घरात गौरीपाशी ठेवायच्या. भांडणं वगैरे कोणी कधी म्हटलं नाही.

इकडे आल्यावर पहिल्या महालक्ष्म्यांना मी ही फुलं शोधून आणली, तर सासूबाई घाबरून म्हणाल्या, "अगं बाई, कळलावी उंबऱ्याच्या आत?" तेव्हा फार वाईट वाटलं होतं. इकडच्या महालक्ष्म्या मुखवट्यांच्या, भरजरी साड्या, सोळा भाज्या, आंबील, कढी. सगळं शिकले आणि आता मीच सुनांना शिकवते. पण तेरडा आणि गौरीचे हात यांच्याशिवाय सण अर्धा वाटतो. आता मधला मार्ग काढला आहे. फुलं घरात नाही, तुळशीवृंदावनापाशी ठेवते. सासूबाई असेपर्यंत त्याच स्वतः तिथे पाणी शिंपडायच्या.

धुरेकरी, तुमच्या आईला सांगा, याच फुलाला कुठेतरी गौरीचे हात म्हणतात.

कापूसगाडी | ६ सप्टेंबर, दुपारी १.५०

मी सुताच्या व्यवहारानिमित्त तिरुपूरला जात असतो. तिकडे मुलनूर, धारापुरम या भागात कळलावीची चक्क शेती आहे. तमिळनाडूचं ते राज्यफूलच. आपल्याकडे द्राक्षाला करतात तसे तारांचे आणि वाळक्या झुडपांचे मांडव, त्यावर वेली, आणि सकाळी सकाळी बायामाणसं एकेका फुलाचा पराग हाताने दुसऱ्याला लावत चालली आहेत. विचारलं तर म्हणाले, फुलपाखरांच्या भरवशावर राहिलं तर शेंगा कमी धरतात. शेंगा वाळल्या की बी काढून किलोवर विकतात, त्यातून औषधी द्रव्य काढतात.

आपल्याकडच्या कोरडवाहू, मुरमाड वावरात हे व्हायला काय हरकत आहे? सोयाबीनचे हाल आपण बघतोच आहोत.

मुसळीवाला | ६ सप्टेंबर, दुपारी २.४०

कापूसगाडी भाऊ, थांबा. माझं नाव वाचा आणि मग पुढचं वाचा.

साधारण वीस-बावीस वर्षांपूर्वी सफेद मुसळी या औषधी मुळांच्या पिकाचं वारं आलं होतं. बेणं महागाचं, आणि बेणं देणारेच "आम्हीच परत विकत घेऊ" म्हणून कागद लिहून द्यायचे. मी दीड एकर केली. गादीवाफे, ठिबक, सोलायला मजूर, सगळं नीट केलं. मुसळीही चांगली आली. पण माल तयार झाला तेव्हा त्या कागदावरचा फोन कोणी उचलत नव्हता. सोललेली वाळलेली मुसळी पोत्यात ठेवून मी दोन वर्षं व्यापारी शोधले. बायकोच्या पाटल्या त्यात गेल्या. पिकाचा दोष नव्हता. अकोट-अंजनगावकडे ज्यांच्याजवळ विकत घेणारा पक्का होता ते आजही मुसळी आणि पानपिंपळी करतात.

म्हणून सांगतो, कळलावीचं बेणं विकायला कोणी दारात आलं तर पहिले विचारा, बी कोण घेणार, कुठे घेणार, मागच्या वर्षी कोणाचं घेतलं, त्याचा पत्ता द्या. तिकडे तमिळनाडूत सगळी साखळी तयार आहे, आणि तिथेही भाव वरखाली होतो असं ऐकतो. इथे एकट्याने एकरभर लावणं म्हणजे विष पिकवून घरात साठवणं.

कापूसगाडी | ६ सप्टेंबर, दुपारी ३.०५

पटलं दादा. तुमचं वाचून गप्प झालो. मी फक्त मांडव पाहिले होते, हिशेब विचारला नव्हता.

औषधाची पेटी | ६ सप्टेंबर, रात्री ८.००

मी औषधविक्रेता. त्या बियांतून निघतं ते द्रव्य कोल्चिसिन. युरोपात कोल्चिकम नावाचं एक फूल आहे, आधी ते त्यातून काढायचे, म्हणून हे नाव. कळलावी त्याच्याच कुळातली. युरिक ॲसिड वाढून पायाचा अंगठा सुजतो, चादरीचा स्पर्शही सहन होत नाही, त्या गाऊटच्या दुखण्यावर हे जुनं आणि खात्रीचं औषध आहे.

आमच्याकडे गोळी येते ती अर्ध्या मिलिग्रॅमची. यावरून अंदाज घ्या की ते किती जपून द्यावं लागतं. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा सोबत क्लॅरिथ्रोमायसिनसारखं प्रतिजैविक चालू असेल तर तीच गोळी विषासारखी चढू शकते. गोळीत ते मोजून भरलेलं असतं. कंदात किती आहे ते कोण मोजणार? म्हणून वैद्यबुवा म्हणतात तेच मीही म्हणतो.

कृषीकन्या | ६ सप्टेंबर, रात्री ९.१५

मी अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकते. कोल्चिसिनचा एक उपयोग कोणीच लिहिला नाही आणि तो माझा सगळ्यात आवडता आहे. बिनबियांचं कलिंगड!

पेशी दुभंगताना रंगसूत्रं दोन बाजूंना ओढणारे धागे असतात. कोल्चिसिन ते धागे बनूच देत नाही. रंगसूत्रं दुप्पट होतात, पण पेशी दुभंगत नाही. १९३७ साली हे वनस्पतींवर करून दाखवलं गेलं आणि पैदासकारांच्या हाती मोठंच साधन आलं. साध्या कलिंगडात २२ रंगसूत्रं, कोल्चिसिन लावलं की ४४. मग ४४ वाल्याचा २२ वाल्याशी संकर केला की ३३. ही विषम संख्या नीट वाटली जात नाही, म्हणून बी भरत नाही.

सिस्टरताईंनी लिहिलेल्या त्या पोराचे केस गळाले तेही याचमुळे. शरीरात ज्या पेशी सतत दुभंगतात, आतड्याच्या, रक्ताच्या, केसांच्या मुळांच्या, त्यांच्यावरच हे विष पहिलं पडतं. वर्गात शिकले होते, पण त्या टोपलीचं वाचून अंगावर काटा आला.

अंगणवेल ताई, तुमच्याकडे अळी येते का? काळी, तिच्यावर लाल, पिवळे, पांढरे ठिपके?

अंगणवेल | ६ सप्टेंबर, रात्री ९.४०

येते तर! दोन दिवसांत वेलीचा खराटा करते. चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात टाकते. फवारणी करत नाही, कारण त्याच वेलीवर शिंजीर येतो.

कृषीकन्या | ६ सप्टेंबर, रात्री ९.५२

तीच. पॉलिटेला नावाच्या पतंगाची अळी. एवढं विष पचवते म्हणूनच इतकी रंगीत, पाखरांना लांबूनच इशारा. हाताने वेचणंच योग्य. पानांच्या खालची बाजू बघत जा, लहान अळ्या घोळक्याने तिथेच असतात.

दगडपेरू | ७ सप्टेंबर, सकाळी ७.३०

सगळं वाचलं. माझ्या अंगणात मी लावणार नाही, हे मत कायम आहे. पण धुऱ्यावरची तणनाशकाने मारा असं आता म्हणणार नाही. धुरा घरापासून लांब आहे आणि तिथे ती आपल्या आधीपासून आहे. फक्त शेंगा पिकायच्या आत काढून टाकता आल्या तर बघा, बी लाल असतं, पोरांना ओढ लागते.

सातपुड्याचा वारा | ७ सप्टेंबर, सकाळी ८.१०

दगडपेरू भाऊ, सगळ्या शेंगा काढू नका असं माझं म्हणणं. दोन-चार राहू द्या. बी पेरलेलं रोप फुलायला तीन-चार वर्षं घेतं, पण नवी वेल नवं रक्त आणते. कंदापासून तीच तीच होते. आणि कोणी हौसेपोटी राखीव जंगलातून कंद खणून आणू नका. तो वनकायद्याने गुन्हा आहे, शिवाय एक कंद काढला की त्या जागी पुढच्या वर्षी काहीच नसतं. हवा असेल तर आपसांत द्या-घ्या.

सीमोल्लंघन | ९ सप्टेंबर, रात्री ११.२०

उशिरा आलो. झिम्बाब्वेचं हे राष्ट्रीय फूल. १९४७ साली, तेव्हा राजकन्या असलेल्या एलिझाबेथला तिच्या २१व्या वाढदिवसानिमित्त ऱ्होडेशियातून (म्हणजे आताच्या झिम्बाब्वेतून) याच फुलाच्या आकाराचा हिऱ्यांचा ब्रोच भेट मिळाला होता. तेच आपल्या आर्वीच्या धुऱ्यावर बोरीच्या काट्यात फुलतंय, याचं मला फार अप्रूप वाटलं.

धुरेकरी | १० सप्टेंबर, रात्री १०.००

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला बसवून पूर्ण धागा वाचून दाखवला. झाडीपट्टी दादांची कुट्टीची गोष्ट त्याला लगेच पटली, कारण धुऱ्याचं गवत तोच कापून आणतो. ठरलं असं की त्या बोरीपासून दोन्ही बाजूंना दहा-दहा पावलं गवत कापायचं नाही आणि फवारायचंही नाही. पोरांना उद्या नेऊन वेल दाखवणार आहे, काय करायचं नाही ते तिथेच सांगणार आहे. पुढच्या वर्षी काय झालं ते कळवीन.

धुरेकरी | २६ ऑगस्ट, रात्री ९.१०

मागच्या वर्षीचा धागा वर काढतोय.

दिवाळीनंतर वेल वाळली, काडी रोवली. मेच्या शेवटी फक्त एकच कंद काढला, बाकी जागेवर ठेवले. काढा यांनी सांगितलं तसा हुबेहूब नांगर निघाला. भाऊ कितीतरी वेळ हातमोज्यात धरून फिरवत होता. दोन बाहू वेगळे करताना एकाचं टोक मोडलं, तो गेला. दुसरा धुऱ्याच्या वरच्या टोकाला, जुन्या विहिरीच्या मुरमावर लावला आणि पऱ्हाट्या रोवल्या. जुलैत अळी आली, भावाच्या मोठ्या पोराने चिमट्याने वेचली. तो आता नववीत आहे, गावातल्या पोरांना तोच सांगत फिरतो की याला हात लावायचा नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी नव्या वेलीला पहिलं फूल आलं. बोरीतली जुनी तर यंदा आणखी वर गेली आहे.

आईला 'गौरीचे हात' हे नाव तेव्हाच सांगितलं होतं. तेव्हा काही बोलली नाही. आज संध्याकाळी विचारलं, "महालक्ष्म्यांपर्यंत टिकतील का रे ती फुलं?" तुळशीपाशी ठेवायची म्हणते.

मूळची कोकणातली | २६ ऑगस्ट, रात्री ९.३५

टिकतील. कळी अर्धी उमललेली तोडा, सकाळी, आणि देठ पाण्यात ठेवा. तोडल्यावर हात धुवा. आईंना माझा नमस्कार सांगा.

पऱ्हाटी | २६ ऑगस्ट, रात्री ९.४८

अंगणवेल ताई, येत्या मे मधी एक कंद मले ठेवा. आमच्या त्या दोन फुटाच्या धुऱ्यावर लावतो. चुलतभाऊ तिकडून पाहीन, मी इकडून पाहीन.